पुण्याच्या मोरीतून चंद्रभागेपर्यंत

आषाढी वारीत ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात दोन रात्री मुक्कामाला असतात. माउली भवानी पेठेतल्या पालखी विठोबाच्या मंदिरात, तुकोबा नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबाच्या मंदिरात. वाड्यांत, शाळांत, सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये वारकरी उतरतात. कुणी त्यांचे पाय चेपून देते, कुणी अंघोळीला गरम पाणी काढते, मोठमोठ्या पातेल्यांत पिठले-भात शिजतो. तिसऱ्या दिवशी पहाटे पालख्या हलतात. एक दिवे घाट चढते, दुसरी लोणी काळभोरचा रस्ता धरते.

त्या दोन दिवसांत मोरीत गेलेले पाणीही पंढरपूरलाच निघते. त्याची वाट तेवढी निराळी. पेठांच्या अंगाने वाहणारी नागझरी मुठेला मिळते, मुठा संगमावर मुळेला. मग मुळा-मुठा बंडगार्डन, मुंढवा, थेऊर करत रांजणगाव सांडसला भीमेत शिरते. पिंपरी-चिंचवड आणि आळंदीचे पाणी घेऊन इंद्रायणी त्याआधीच तुळापूरला भीमेला मिळालेली असते. पुढे दौंड, सिद्धटेक आणि उजनीचे धरण. धरणातून सुटलेले पाणी पंढरपूरला पोचते, तिथे नदी चंद्रकोरीसारखी वळते आणि चंद्रभागा होते. थेऊरचा चिंतामणी, सिद्धटेकचा सिद्धिविनायक आणि विटेवरचा विठोबा, तिघेही या एकाच प्रवाहाच्या काठी आहेत. पुणेकर जे नदीत सोडतो, ते या तिघांच्या दारावरून जाते.

शहरातल्या माणसाला हे ठाऊक नसते असे नाही, पण ते डोळ्यांसमोर येत नाही. मोरीची जाळी ओलांडली की पाण्याचा विषय संपतो. महापालिकेचा विषय संपतो तो हद्दीच्या शेवटच्या पुलावर. विषय सुरू होतो तो इंदापूरच्या शेतकऱ्यासाठी, भिगवणच्या मच्छीमारासाठी, सोलापूरच्या नळासाठी. सांडपाण्याचा हिशेब आजवर जिथून ते निघते तिथे मांडला गेला. तो पाणी जिथे पोचते तिथे मांडायला हवा.

आकडे पाहिले की या दोन हिशेबांतले अंतर कळते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या पाहणीनुसार देशातल्या शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी तयार होत होते. शुद्धीकरणाची उभारलेली क्षमता होती ३१,८४१ दशलक्ष लिटर. प्रत्यक्षात शुद्ध होत होते २०,२३६. महाराष्ट्राची स्थिती कागदावर पुष्कळच बरी होती: ९,१०७ दशलक्ष लिटर मैलापाणी आणि ६,८९० ची क्षमता, म्हणजे चारातले तीन हिस्से. पण मैलाशुद्धीकरण केंद्रांतून खरोखर शुद्ध होऊन निघणारे पाणी होते ४,२४२ दशलक्ष लिटर, निम्म्याहून कमी. त्याच मंडळाने २०२२ मध्ये देशातले प्रदूषित नदीपट्टे मोजले. ३११ पट्टे निघाले आणि त्यांतले सर्वाधिक, ५५, महाराष्ट्रातले.

क्षमता आहे आणि पाणी तरी घाण, हे कसे? त्याचे उत्तर केंद्राच्या कुंपणाबाहेर सापडते. मैलाशुद्धीकरण केंद्र बांधले, फीत कापली, पण वस्तीतून तिथवर मैला आणणारी वाहिनी अर्धवट राहिली. नव्या सोसायटीने जोड नाल्यालाच दिली. पंपिंग स्टेशनची वीज गेली आणि चेंबर भरून पाणी ओढ्यात उतरले. पावसाळ्यात पावसाचे पाणी मैल्याच्या वाहिनीत घुसले आणि केंद्राला पेलवेना म्हणून वळवून नदीत सोडले. या प्रत्येक वेळी कागदावरची क्षमता जशीच्या तशी राहते, नदी मात्र काळी होते.

केंद्रात होते काय, हे पाहण्यासारखे आहे. आलेले पाणी आधी लोखंडी जाळीवर आदळते. तिथे शांपूची पाकिटे, गुटख्याच्या पुड्या, केसांचे गुंते, फडकी, सॅनिटरी नॅपकिन अडकतात. ते काढून टाकले की पाणी संथ टाकीतून जाते आणि वाळू तळाशी बसते. मग खरे काम. मोठ्या उघड्या टाकीत चहाच्या रंगाचे पाणी आणि तळातून सतत वर येणारे बारीक बुडबुडे. टाकीच्या बुडाशी बसवलेल्या नळ्यांतून हवा सोडलेली असते. त्या हवेवर अब्जावधी जिवाणू जगतात आणि पाण्यात विरघळलेली घाण खाऊन वाढतात. हवा थांबवली की जिवाणू एकमेकांना चिकटून गाळ होऊन खाली बसतात आणि वर निवळ पाणी उरते. १९१४ मध्ये मँचेस्टरच्या दोन संशोधकांनी, आर्डर्न आणि लॉकेट यांनी, ही रीत जगापुढे मांडली. शंभर वर्षे उलटली तरी बहुतेक शहरांचा कारभार तिच्याच कुठल्या ना कुठल्या रूपावर चालतो. या सगळ्याचा जीव आहे तो हवा देणाऱ्या ब्लोअरमध्ये. ब्लोअर विजेवर चालतो आणि विजेचे बिल दर महिन्याला येते. उद्घाटनाला निधी मिळतो. पंधराव्या वर्षीच्या वीजबिलाला आणि गंजलेल्या पंपाला मिळणे अवघड असते.

जे काम टाकीत झाले नाही, ते नदीला करावे लागते. जिवाणू तिथेही असतात, घाण तिथेही खातात, पण हवा नदीच्या पाण्यातली वापरतात. आपल्याकडच्या उष्ण हवेत स्वच्छ पाण्यात लिटरमागे जेमतेम साडेसात-आठ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. माशाला तगायला चार-पाच लागतो. लिटरभर कच्च्या मैलापाण्यातली घाण पचवायला दोनशे मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त प्राणवायू खर्ची पडतो. यालाच अहवालांत बीओडी म्हणतात. उन्हाळ्यात जिथे नदीचे स्वतःचे पाणी नसतेच, नुसते नाल्यांचे असते, तिथे ही वजाबाकी शून्याच्या खाली जाते. पहाटे तर अधिकच. रात्री उजेड नसल्याने शेवाळही प्राणवायू बनवण्याऐवजी खात असते. म्हणून मासे बहुधा तांबडे फुटायच्या वेळी पाण्याच्या वर तोंड काढून हवा गिळताना दिसतात, आणि उन्हे चढेपर्यंत पांढरी पोटे वर करून तरंगत असतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पंचगंगेवर तेरवाडच्या बंधाऱ्यापाशी शिरोळकरांनी हे चित्र किती वेळा पाहिले आहे. त्याच पंचगंगेच्या काठच्या इचलकरंजीत २०१२ मध्ये काविळीची साथ आली, हजारो लोक आजारी पडले, माणसे दगावली. माशाला जे आधी कळते, ते माणसाला उशिरा कळते, एवढाच फरक.

भीमेवर हे सारे उजनीत साचते. १९८० मध्ये पुरे झालेल्या या धरणात वरच्या दोन महानगरांचे, चाकण-भोसरीच्या कारखान्यांचे आणि काठच्या उसाच्या शेतांतले पाणी येऊन थबकते. शुद्धीकरणातून घाण निघाली तरी साध्या केंद्रांत नत्र आणि स्फुरद पुरते निघत नाहीत, आणि बरेचसे पाणी तर केंद्रात गेलेलेच नसते. शेतात जे खत, तेच जलाशयात विष. पाणी हिरवे पडते, वर जलपर्णीचे गालिचे पसरतात, ते कुजले की उरलासुरला प्राणवायू खातात. भिगवणच्या मासळी बाजारात लिलावाला लागणाऱ्या पाट्यांत चिलापीचे ढीग दिसतात. हा परका मासा कमी हवेत, गढूळ पाण्यात तगतो आणि भराभर पिले घालतो. मरळ, वाम, शिवडा हे इथले मासे मागे पडत गेले. भोई समाजातल्या म्हाताऱ्या माणसांना कोणता मासा कुठल्या डोहात लागायचा हे तोंडपाठ असते. ते ज्ञान ज्या माशांचे होते तेच जाळ्यात येईनासे झाले, तर नातवाला शिकवायचे काय?

हिवाळ्यात याच पाणपसाऱ्यावर रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, उतरतात आणि कुंभारगाव, डिकसळच्या होड्या पर्यटकांनी भरतात. गुलाबी थवे पाहून पाणी चांगले असल्याची खात्री पटते, आणि तिथेच फसगत होते. रोहित शेवाळ आणि गाळातले बारीक जीव खातो. जिथे पाणी पोषकद्रव्यांनी जड झालेले असते तिथे त्याला खायला भरपूर मिळते. ठाण्याच्या खाडीतही तेच. ती २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ मध्ये रामसर स्थळांच्या यादीतही गेली. पक्ष्यांचे येणे आनंदाचेच आहे. पण एका जातीची चंगळ म्हणजे खाडीची तब्येत नव्हे. त्याच खाडीतली निवटी, चिंबोरी, कालवे काढून पोट भरणाऱ्या कोळणींना विचारले पाहिजे.

मुंबईचे पाणी तर कुठल्या धरणात थांबत नाही, थेट समुद्रात जाते. वरळी आणि वांद्र्याहून समुद्रतळाखालून तीन किलोमीटरहून अधिक आत नेलेल्या बोगद्यांतून मैलापाणी सोडले जाते. वर्षानुवर्षे त्यावरची मुख्य प्रक्रिया होती जाळीने गाळणे आणि वाळू बसवणे, बस्स. बाकी काम भरती-ओहोटीवर सोपवलेले. समुद्र मोठा आहे, सामावून घेईल, हा हिशेब खोल पाण्यासाठी कदाचित चालेल. पण मालाडच्या, माहीमच्या खाडीला तो लागू नाही. तिथे ओहोटीला जे बाहेर जाते त्यातले बरेचसे भरतीला परत येते आणि तिवरांच्या मुळांशी बसते. माशांची पिले वाढतात ती याच तिवरांत. म्हणजे डोल जाळ्यात काय लागणार हे खाडीत ठरत असते. आता सात ठिकाणी मिळून रोज २,४६४ दशलक्ष लिटरची नवी केंद्रे उभी राहत आहेत. जानेवारी २०२३ मध्ये त्यांचे भूमिपूजन झाले. हे काम मोठे आहे आणि व्हायलाच हवे. पण ज्या झोपडपट्ट्यांचे पाणी आजही वाहिनीत न जाता नाल्यातून मिठी-ओशिवऱ्यात पडते, त्यांच्या गल्लीत वाहिनी कधी पोचणार, हाही त्याच कामाचा भाग मानला पाहिजे.

पुण्याची गोष्ट अधिक बोलकी आहे. जपानच्या जायका या संस्थेच्या कर्जातून मुळा-मुठा स्वच्छ करण्याचा करार जानेवारी २०१६ मध्ये झाला. ११ केंद्रे, ३९६ दशलक्ष लिटरची भर, खर्च ९९० कोटी. पायाभरणी झाली ती ६ मार्च २०२२ रोजी. तोवर खर्च १,४७० कोटींवर गेला होता. मधल्या काळात २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे पालिकेत आली होती. घरे, नळ, संडास वाढले, मैल्याच्या वाहिन्या मागे राहिल्या. सहा वर्षांचा उशीर म्हणजे सहा पावसाळे, सहा आषाढी एकादश्या आणि उजनीत सहा वर्षांचा गाळ. कागदपत्रांत असा उशीर केवळ वाढीव खर्च म्हणून दिसतो.

केंद्रांच्या पायाभरणीच्याच दिवशी नदीकाठ सुधारण्याच्या प्रकल्पाचीही पायाभरणी झाली. चव्वेचाळीस किलोमीटरचा काठ, सुमारे ४,७०० कोटींचा खर्च. फिरायला जागा, बसायला बाके, सायकलचा रस्ता. नदीकाठी माणसांनी यावे, यात वाईट काही नाही. पण आधी पाणी, मग काठ, असा क्रम असायला हवा. बांध घालून पात्र आवळले आणि काठची झाडे-पाणथळी गेली तर नदीची स्वतःला धुऊन काढण्याची जी थोडीफार ताकद उरली आहे तीही जाते. नदी पाणवनस्पती, दगडगोटे, खळखळ यांच्या जोरावर घाण पचवते. काँक्रीटच्या भिंतीला तो गुण नाही. पैसा मर्यादित असताना पहिला रुपया वाहिनीत आणि पंपिंग स्टेशनात पडला पाहिजे, हे म्हणणाऱ्या नागरिकांना विकासविरोधी ठरवणे अन्यायाचे आहे.

आणि पुण्यावर एक जुने देणे आहे. खडकवासल्याच्या साखळीतले पाणी शहर पिते, त्या बदल्यात शुद्ध केलेले साडेसहा टीएमसी (अब्ज घनफूट) सांडपाणी दरवर्षी मुंढव्याच्या जॅकवेलमधून उचलून बेबी कालव्याने हवेली, दौंड, इंदापूरच्या शेतीला द्यायचे, असे ठरले. विचार उत्तम आहे. शेतकऱ्याचे धरणातले पाणी शहराने घ्यायचे आणि वापरून, धुऊन, निवळून त्याचे त्याला परत द्यायचे. पण कालव्यात काळे, फेसाळ पाणी येते, विहिरींना वास येतो, ही तक्रार त्या गावांत सतत असते. उसन्या घेतलेल्या भांड्यात उष्टे ठेवून परत केले तर शेजारी पुन्हा भांडे देईल का?

देणे नीट फेडल्याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. नागपूरच्या भांडेवाडीतल्या केंद्रात शुद्ध झालेले रोजचे १३० दशलक्ष लिटर पाणी २०१५ पासून कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला जाऊ लागले. त्याआधी वीज केंद्र पेंच धरणाचे पाणी वापरत असे, तेच पाणी नागपूरकर पितात. आता मैलापाण्याला गिऱ्हाईक मिळाले, पालिकेला उत्पन्न मिळाले आणि धरणातले पाणी वाचले. गिऱ्हाईकामुळे आणखी एक गोष्ट घडते. घाणेरडे पाणी वीज केंद्राच्या नळ्या खराब करते, म्हणून विकत घेणारा पाण्याची परीक्षा रोज करतो. नदीला अशी परीक्षा करता येत नाही. केंद्र सरकारच्या २०१६ च्या वीजदर धोरणाने पन्नास किलोमीटरच्या आतल्या औष्णिक केंद्रांना शुद्ध केलेले सांडपाणी वापरणे बंधनकारक केले. हाच नियम औद्योगिक वसाहतींना, बांधकामांना, रेल्वेच्या धुलाईला लागू करायला काय हरकत आहे? रांजणगाव, चाकण, भोसरीच्या वसाहती पुण्याच्या उशाशीच आहेत.

लहान गावांना कोट्यवधींची केंद्रे परवडत नाहीत, हेही खोटे नाही. तिथे वाईकडे पाहावे. कृष्णाकाठच्या या गावात घरोघरी सेप्टिक टाक्या आहेत. टाकी तुंबून वाहू लागल्यावर गाडी बोलवायची, ही सगळीकडची रीत. वाईने आणि नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरने २०१८ च्या सुमारास पाळी लावली: प्रत्येक टाकी तीन वर्षांतून एकदा, मागणी असो वा नसो, गाडीने येऊन उपसायची आणि तो मैला गावाच्याच प्रक्रिया केंद्रात न्यायचा. घंटागाडी जशी रोज येते तशी मैल्याची गाडी तीन वर्षांनी येते. टाकी भरून गटारात, गटारातून ओढ्यात आणि ओढ्यातून कृष्णेत जाणारा माल तिथेच थांबला. यात मोठे यंत्र नाही, शिस्त आहे आणि घरपट्टीतून येणारा नेमका पैसा आहे.

कायद्याची कमतरता नाही. जलप्रदूषणाचा कायदा १९७४ चा आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांत मैलाशुद्धीकरण केंद्रे उभारा आणि ती चालवण्याचा पैसा कुठून येणार तेही ठरवा, असे बजावले. हरित लवादाने १ एप्रिल २०२० नंतर शुद्ध न करता सोडलेल्या प्रत्येक नाल्यामागे दरमहा पाच लाखांचा दंड लावायला सांगितले. दंड पालिका भरते, म्हणजे नागरिक भरतात, आणि पैसा एका सरकारी खात्यातून दुसऱ्यात जातो. नाला तसाच वाहतो. दंडाची रक्कम त्याच नाल्याच्या वाहिनीवर, ठरलेल्या मुदतीत खर्च झाली पाहिजे, आणि मुदत उलटली तर आयुक्तांना आणि अभियंत्यांना खुलासा पुण्यात नव्हे, खालच्या तालुक्याच्या गावात जाऊन द्यावा लागला पाहिजे. इंदापूरच्या, पंढरपूरच्या माणसाला हा प्रश्न विचारण्याची अधिकृत जागा आज कुठे आहे?

आषाढीला उजनीतून पाणी सोडले जाते, म्हणजे वारकऱ्यांना चंद्रभागेत स्नान करता यावे. अंघोळीच्या पाण्याचे मापही सरकारनेच ठरवलेले आहे: बीओडी लिटरमागे तीन मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, विरघळलेला प्राणवायू पाचाच्या खाली नको, आणि शंभर मिलिलिटरमागे विष्ठेतल्या जिवाणूंची संख्या अडीच हजारांवर नको. तीन आकडे. ते मुंढव्याच्या बंधाऱ्यावर, उजनीच्या दारांपाशी आणि पुंडलिकाच्या देवळासमोरच्या वाळवंटात रोज मोजावेत आणि रोज मराठीत मोठ्या अक्षरांत फळ्यावर लिहावेत, एकादशीला तर सकाळ-संध्याकाळ. पाय दुखत असतानाही पाण्यात उतरणाऱ्या म्हातारीला ते आकडे कळणार नाहीत, असे कुणी म्हणेल. तिच्या नातवाला वाचता येते. तो वाचून तिला सांगेल, आणि पुढच्या वर्षी पालखी पुण्यात मुक्कामाला आली की ज्या घरी उतरेल तिथल्या माणसांनाही विचारेल.